पाचव्यांदा

(बोनेच्या खाडीकाठचं, खांबांवर उभं असलेलं लाकडी घर. आतल्या खोलीत सिझर होऊन सहा दिवस झालेली तेन्री, तिची आई, जिला सगळे ‘इंदोक’ म्हणजे आईच म्हणतात, आणि शिडी चढून नुकतीच वर आलेली शेजारीण हसनिया. बाळ रडतंय.)

हसनिया : दे इकडे तिला. खाली मागावर बसले होते, तीनदा रेशीम तुटलं माझं. तुझ्या लेकीचं भोकाड थेट मेंदूत घुसतंय.

तेन्री : नाही देणार.

हसनिया : अगं, भूक लागलीय तिला.

तेन्री : मला ऐकू येतं. टाके पोटाला पडलेत, कानाला नाही.

इंदोक : बघ बाई हसनिया, सकाळपासून हेच चाललंय. मी नुसता हात पुढे केला तर अशी बघते माझ्याकडे, जशी मी पोर पळवायलाच आलेय!

हसनिया : शेवग्याच्या पाल्याचं कढण दिलंत का हिला?

इंदोक : दोन वाडगे. वर मक्याची पेज, माशाचं सार. झाड बोडकं झालं बिचारं. शेजारची शेळी आता मला बघितलं की तोंड फिरवते.

तेन्री : शेळीला म्हणावं, तूच ये मग पाजायला. माझ्याच्यानं काही होत नाहीये.

हसनिया : झाली सुरू! तेन्री, सुईणताई काय म्हणाल्या? सिझरवाल्यांना उशीर होतो. माझ्या जावेला नवव्या दिवशी पान्हा फुटला, आणि मग असा फुटला की उशी, चादर, नवरा, सगळं भिजलं.

इंदोक : हसनिया! लाज धर जरा.

हसनिया : खरं तेच सांगतेय, इंदोक. आण गं इकडे. बघ कशी मूठ चोखतेय ती.

तेन्री : चार झाले, हसनिया.

हसनिया : काय चार?

तेन्री : नाटक करू नकोस. तालुक्याहून होडीनं परत आलो त्या दिवशी एकदा. परवा दोनदा. काल दुपारी एकदा. चार. इमाम काय म्हणाले ते तूही ऐकलंयस. पाच वेळा पोटभर पाजलं की तू हिची दूधआई. तुझा बाचो हिचा भाऊ. अगदी सख्ख्यासारखा. मग दोघांचं लग्न या जन्मात नाही.

हसनिया : बाचो चार महिन्यांचा आहे. काल त्यानं स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घातला आणि स्वतःच दचकून रडला. त्याच्या लग्नाचा तुला आत्ता घोर लागलाय?

तेन्री : घोर मला? धक्क्यावर बसून शपथ कोणी घातली होती? सहावीत होतो आपण. पाय पाण्यात, तोंडात कैरी, आणि बाईसाहेब म्हणतात, "तेन्री, आपण विहिणी व्हायचं. एक मांडव, एक स्वयंपाकघर, आणि नवऱ्यांना दर्यावर पाठवून द्यायचं."

हसनिया : ते शेवटचं खरं झालं की. तुझा दर्यावर, माझा दर्यापलीकडे कालिमंतानच्या मळ्यात. मांडव तेवढा राहिला.

तेन्री : हसण्यावारी नेऊ नकोस.

हसनिया : बरं, नाही नेत. पण डब्याचं दूध हिला पचत नाही. दोनदा दिलं, दोनदा भडाभडा ओकली. अंगावर चट्टे उठले. मग प्यायचं काय तिनं? खाडीचं पाणी?

तेन्री : माझं पिईल.

हसनिया : येतं किती?

तेन्री : येतंय. थोडं थोडं येतंय. तुम्हा दोघींना खरं वाटत नाही, पण आज पहाटे काय झालं माहितीये? अजानीच्या आधी मी तिला अंगावर घेतलं. कुशीवर झोपून, मध्ये उशी घालून, टाक्यांना धक्का लागणार नाही अशी. ओढत राहिली, ओढत राहिली. मला गोळीची गुंगी होती, माझा डोळा लागला. जाग आली तर उजाडलेलं, ऊन पार चटईपर्यंत आलेलं. आणि ही, माझी बेस्से, गाढ झोपलेली. ओठ असे सैल. पोट गच्च! हात लावून बघितलं मी. माझं पुरलं तिला, हसनिया. पहिल्यांदा माझं पुरलं.

हसनिया : हं. दुपटं ओलं झालंय वाटतं तिचं.

तेन्री : काय झालं? बोल की. एरवी तुझं तोंड बंद करायला मासळीबाजार कमी पडतो.

हसनिया : काही नाही. चांगलं झालं की.

इंदोक : मी चुलीवरचं बघून येते.

तेन्री : चूल कधीच विझलीय, इंदोक. बसा खाली.

इंदोक : काय गं हुकूम सोडतेस आईला!

तेन्री : हसनिया, माझ्याकडे बघ.

हसनिया : बघतेय.

तेन्री : भिंतीकडे बघतेयस.

इंदोक : तिला काही बोलू नकोस. मी नेलं होतं.

तेन्री : कुठे?

इंदोक : खाली. हिच्या घरी. तू घोरत होतीस. पोरगी तुझ्या छातीशी रडून रडून निळी पडायला आली होती, आवाजसुद्धा फुटेना तिचा. मी काय करू? तुला हलवलं दोनदा. "हं" म्हणालीस आणि कूस बदललीस. तशीच शालीत गुंडाळली, शिडी उतरले, हिचं दार वाजवलं.

तेन्री : आणि तू पाजलंस.

हसनिया : पाजलं.

तेन्री : पोटभर?

हसनिया : तेन्री...

तेन्री : मी विचारतेय, पोटभर?

हसनिया : दोन्ही बाजूंनी. ढेकर दिली. मग झोपली.

तेन्री : म्हणजे पाच. आणि आत्ता वर येऊन मला विचारतेस, "काय चार?" आणि मी वेडी सकाळपासून तिला उराशी धरून बसलेय, पाचवं होऊ नये म्हणून!

हसनिया : मला वाटलं इंदोकनी तुला सांगितलं असेल.

इंदोक : मला वाटलं हसनिया सांगेल.

तेन्री : आणि मला वाटलं माझं दूध आलं!

इंदोक : ओरडू नकोस. टाके उसवतील.

तेन्री : उसवू देत! नाहीतरी काय उपयोग आहे या अंगाचा? तालुक्याच्या दवाखान्यात काय झालं? तोंडावर काहीतरी ठेवलं, म्हणाले, दहापर्यंत आकडे म्हण. मी चारपर्यंत गेले. उठले तर पोट रिकामं. मुलगी झाली म्हणे. तिचं रडणं कोणी ऐकलं? नर्सनं. पहिल्यांदा हातात कोणी घेतली? इंदोक, तुम्ही. पहिल्यांदा पाजलं कोणी? हसनियानं. आणि आज सकाळी एक गोष्ट माझी होती, एकच, तर तीसुद्धा मी झोपेत असतानाच उरकलीत! माझ्या मुलीचं सगळं मी झोपलेली असतानाच होतं. मी आहे कशाला मग? नुसती चटई अडवायला?

इंदोक : असं नको बोलू गं, पोरी.

तेन्री : तुम्हाला नाही कळणार. तुम्ही सात जणांना पाजलंत. बसल्या बसल्या मासे साफ करता करता पाजायचात, मला आठवतंय. एका हातात सुरी आणि मांडीवर धाकटा.

इंदोक : सात नाही, सहा. तुला मी पाजलं नाही.

तेन्री : काय?

इंदोक : तापानं फणफणले होते. तुझ्या वेळी. वीस-बावीस दिवस. अंग पार वाळून गेलं होतं. पलीकडच्या आळीतली सितारा पाजायची तुला. सकाळ-संध्याकाळ येऊन घेऊन जायची. मी या खिडकीतून बघायचे, ती तुला कडेवर घेऊन नारळाच्या ओळीतून जायची, आणि मला वाटायचं, परत आणणारच नाही ही. रोज वाटायचं. रोज आणायची. आणि तुला आणून दिलं की तू माझ्याकडे बघून रडायचीस. तिचा वास ओळखीचा झाला होता ना.

तेन्री : हे मला कधी सांगितलं नाहीत.

इंदोक : काय सांगायचं? माझंच मला आठवायला नको वाटतं. सितारा मेली तेव्हा मी तिच्या मयताला तुला पुढे बसवलं होतं, आठवतं? तुला वाटलं, शेजारीण म्हणून.

तेन्री : आणि दूध? तुमचं दूध परत आलं?

इंदोक : आलं. ताप उतरल्यावर कितीतरी महिन्यांनी. पण तोवर तुला भात चालायला लागला होता. बये, मी तुला खोटं नाही सांगणार, आलं की लगेच सगळं छान झालं असं. तू माझी झालीस ती चालायला लागल्यावर. एकदा पडलीस आणि माझ्याकडे धावत आलीस. सिताराकडे नाही. ती तिथेच उभी होती.

हसनिया : इंदोक, तुम्ही मला रडवणार आता. आणि मी रडले की माझं गळायला लागतं. झालं बघा सुरू, झगा भिजला.

तेन्री : मिरव आणखी!

हसनिया : मिरवत नाहीये गं. लाज वाटतेय मला. देवानं वाटताना हात कसा चालवला कळत नाही, एकीला पिंप, एकीला चमचा.

तेन्री : तू कालिमंतानला कधी जाणार?

हसनिया : मध्येच काय हे?

तेन्री : सांग.

हसनिया : रमजान झाला की. त्यानं तिकडे खोली बघितलीय. मळ्यातच आहे. पाऊस आला की आत गुडघाभर चिखल होतो म्हणे.

तेन्री : म्हणून तर मला ते लग्न हवं होतं. तू गेलीस की परत येणार नाहीस. कोणी येतं का तिकडून? ईदला फोन करतात, मग तोही बंद होतो. लग्न ठरलेलं असतं तर तुला यावंच लागलं असतं. वीस वर्षांनी का होईना, शिडी चढून वर यावंच लागलं असतं.

हसनिया : वेडी आहेस का? वीस वर्षं तू माझी वाट बघणार होतीस?

तेन्री : बघितली असती.

हसनिया : ऐक. विहिणी झालो असतो ना, तर तिसऱ्या दिवशी भांडलो असतो. तू म्हणाली असतीस, माझ्या लेकीला राबवते. मी म्हटलं असतं, तुझ्या लेकीला भात शिजवता येत नाही. मग फोन बंद. पण भाऊ आहे तो आता हिचा. हिच्या लग्नात त्याला उभं राहावं लागेल. नाही आला तर कान धरून आणेन मी. आणि मला दूधआई म्हणून पहिलं ताट. आधी मला वाढायचं, मग इमामांना.

इंदोक : इमामांच्या आधी! ऐका हिचं.

तेन्री : तरी सून झाली असती तर बरं वाटलं असतं.

हसनिया : मलाही. खाली मागावर काय लावलंय असं वाटतं तुला? निळं-जांभळं, चौकटीचं, आपल्या पोरांच्या लग्नासाठी. तुला दिवस गेले त्याच महिन्यात लावलं होतं मी ते. कोणाला सांगू नकोस, लोक हसतील.

तेन्री : हसनिया!

हसनिया : असू दे गं. आता ते बाचो नेसेल ईदला. रडतेय बघ ही. काय करायचं बोल.

तेन्री : आधी माझ्याकडे राहू दे तिला. थोडा वेळ. सुईणताई म्हणाल्या होत्या, दर वेळी आधी आईच्या अंगावर लावायचं, येवो न येवो. ओढलं की वर मेंदूला निरोप जातो म्हणे.

हसनिया : लाव. मी बसते.

इंदोक : उशी घे मध्ये. थांब, मी घालते. असं. पाठ टेक.

तेन्री : ओढतेय... दुखतंय.

हसनिया : काढू का?

तेन्री : नको. दुखू दे.

इंदोक : गिळतेय का?

तेन्री : एकदा गिळली. आता नुसती ओढतेय. आता थांबली. माझ्याकडे बघतेय.

हसनिया : काय म्हणते?

तेन्री : म्हणते, एवढंच का.

इंदोक : नाही म्हणत गं तसं.

तेन्री : म्हणते, इंदोक. मला कळतं. बरं, बेस्से, बरं. रागावू नकोस. हसनिया, घे.

हसनिया : नक्की?

तेन्री : नेऊ नकोस खाली. इथेच बस, माझ्यासमोर. घे, धर. तसं नाही, डाव्या कुशीवर घे तिला. उजवीकडे घेतलं की कान दुमडतो तिचा, मग कुरकुरते.

हसनिया : अगं, पाच वेळा पाजलं हिला मी. मला कसं नाही कळलं ते?

तेन्री : तू पाजत होतीस ना. बघत मी बसले होते.