विहिरीपर्यंतचा रस्ता

जावा बेटावरच्या एका गावच्या दवाखान्यात वार्सिनीचा नंबर यायला वेळ होता. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"पार्तिनीच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, पाहिलास?"

"पाहिला की, तुमिनी. छान झालाय."

"डोंबलाचा छान! आता चपला कशा मिरवते, बघ. आणि माझ्या दारातल्या चिखलात बदकं पोहतायत."

"नशीब तिचं."

"नशीब कसलं? सरपंचाच्या मुलीच्या लग्नात तिने भात शिजवला, तर मी काय कमी कांदे चिरले?"

"म्हणून काल पंचायतीपुढे खर्चाचा फलक वाचत होतीस?"

"मग! मेलीला काय काय मिळालं ते कळायला नको? दोनशे मीटर रस्ता लिहिलाय. पहाटे जाऊन पावलांनी मोजला. दीडशेतच संपला, तिच्या कुंपणाशी. फसवलं गं तिला! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

"फलकावर रस्ता कुठपर्यंत लिहिलाय?"

"विहिरीपर्यंत."

"विहीर कुणाच्या दारात आहे?"

"माझ्याच."

वार्सिनीने सरकून बसायचं निमित्त करून मागे पाहिलं. तुमिनी पिशवी उचलून उभी राहिली होती.

"अगं, नंबर येईल आता. कुठे निघालीस?"

"पार्तिनीकडे. तिचा नवरा गवंडी आहे, त्याच्याकडे लांब टेप असेल."

"पण तू तर तिच्याशी बोलत नाहीस ना?"

"बोलतंय कोण? टेपचं दुसरं टोक धर, एवढंच सांगणार."