मामाचे पीठ

ठमाबाई कोंडाजी धाडवे, वय अदमासे पन्नास, धंदा भातशेती, राहणार बोर्ली पंचतनजवळ, तालुका श्रीवर्धन, जिल्हा कुलाबा. सन १९६२.

ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, घरी मी, माझे यजमान व सून राही असे राहतो. मुलगा मुंबईस गिरणीत आहे. राहीचे लग्न गेल्या वैशाखात झाले. तिचे मामा येसाजी इस्पितळात आहेत. राहीने त्यांना विष घातले, अशी त्यांच्या मुलाची तक्रार आहे. ती साफ खोटी आहे.

कणगीतले भात उंदीर फस्त करीत होते, म्हणून यजमानांनी नवे औषध आणले. मी ते तांदळाच्या पिठात कालवले, थोडे माळ्यावर टाकले, बाकी डब्यात ठेवले. विषाचे किंवा स्वतःचे नाव कानावर पडले तर उंदीर त्या पिठाला शिवत नाही, म्हणून आमच्याकडे उंदराला मामा म्हणतात. मी राहीस बजावले, "ह्ये मामाचं पीठ हाय. दुसऱ्या कुनाला घालू नको." तिच्या माहेरी उंदराला उंदीरच म्हणतात, हे मला काय ठाऊक?

नंतर मी व यजमान माझ्या आजारी बहिणीकडे दिवेआगरला गेलो. मागे राहीला सोबत म्हणून येसाजी येऊन राहिले. राहीने त्यांना रोज त्याच पिठाची भाकरी घातली. सासूने माझ्या मामासाठी पीठ राखले, असे ती आळीभर सांगत होती. विष घालणारी असे सांगत फिरते काय?

आम्ही परतलो तेव्हा येसाजींच्या हिरड्यांतून रक्त येत होते. दाढी करताना कापलेले थांबत नव्हते. डॉक्टरांनी आमच्या माळ्यावरचा मेलेला उंदीर मागवून फाडला. वर जखम नाही, पण पोट रक्ताने भरलेले, यकृत फिकट. ते म्हणाले, या औषधाने यकृतात रक्त गोठवणारे द्रव्य तयार होत नाही. रोज खाल्ले की रक्त आतल्या आत झरते. इंजेक्शने चालू आहेत. वाचतील असे कोणी खात्रीने सांगत नाही. त्यात राहीला धरून नेतील म्हणून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आत्ता फौजदारसाहेबांनी विचारले, त्या दिवसांत राही काय जेवत होती? मामा जेवून उरलेली भाकरी. सून दुसरे काय जेवणार? हे तिला कोणी विचारले नाही. मीही नाही. सकाळपासून तिने नाकाला पदर लावला आहे. मला वाटले, रडते आहे.

ती बाहेर बाकावर बसली आहे. लिहिलेले मला वाचून दाखवू नका, सगळे खरे आहे. अंगठा घ्या आणि तिला आधी इस्पितळात न्या.