ग्रेसीच्या कादंबरीतला नवरदेव

...नाही, रडा ना, खुशाल रडा! पुस्तक वाचून अख्खी आळी रडतेय, तुम्हीच का मागे राहायचं? पण डोळे पुसता पुसता वर मलाच विचारायचं, ‘अंकल, तो नवरदेव खरा कोण हो?’ अहो, मला काय विचारता! सूट घालून घामाने निथळत त्या मांडवात मी उभा होतो, अंगठी मी घातली, अल्बममध्ये प्रत्येक फोटोत डोळे मिटलेला इसम मी आहे... आता तुम्हीच सांगा, लग्न माझं की नाही?

आमची ग्रेसी शाळेत मराठी शिकवायची. रिटायर झाली आणि दुपारची लिहायला बसायला लागली. मी म्हटलं बरं झालं, तेवढ्या सिरियली बंद. एकदा विचारलं, काय लिहितेस गं? तर म्हणाली, ‘एका लग्नाची गोष्ट.’ कुणाच्या? ‘आपल्याच गावातली.’ बस्स! मी माझ्या केळीला पाणी लावायला निघून गेलो. माणसानं पुढं विचारू नये? पण तीसेक वर्षं संसार झाला की बायकोला पुढचं विचारायची सवयच मोडते हो!

आणि परवा रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये प्रकाशन. मी पहिल्या रांगेत, गळ्यात शाल. फादर उठले, चष्मा सारखा केला, ‘बंधुभगिनींनो, या कादंबरीतला सायमन म्हणजे श्रद्धेचं जिवंत उदाहरण! असा नवरदेव आपल्या गावात होऊन गेला!’ होऊन गेला? अहो फादर, मी समोर बसलोय, जिवंत! टाळ्या पडल्या, लोक माना वळवून वळवून त्या नवरदेवाला शोधायला लागले... खिडकीपर्यंत शोधला, पण माझ्याकडे एक जण बघेल तर शपथ.

घरी आलो. दुपारी झोप नाही, काही नाही, पुस्तक उघडलं. माडाच्या झावळ्यांचा मांडव, माझा. आमचे ते गोल पावासारखे फुगे तळता तळता रुसून बसलेला आचारी, माझा. नवरा-नवरीच्या नावानं ग्लास उंचावून टोस्टचं भाषण इतकं लांबवलं की लोकांच्या ग्लासातला बर्फ विरघळून गेला, तो काका... तोही माझा! सगळं माझं आणि नवरदेव? उंच, शांत, चर्चच्या गायकवृंदात गाणारा, एक फुगा तोंडात घालायचा तरी आधी डोळे मिटून देवाचे आभार मानणारा! आणि मी? गायकवृंदात असताना मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘आलोशियस, तू फक्त ओठ हलवत जा.’ मग लग्न माझं की नाही?

आणि तो विहिरीचा प्रसंग! तुम्ही बिल्डिंगमधली माणसं, तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून, नाचत नाचत बायका विहिरीवर पाणी आणायला जातात आणि नवरा-नवरीला अंगभर नारळाचा रस चोळून त्या पाण्यानं आंघोळ. आमची दोन्ही घरं एकाच आळीतली, विहीर एकच. तर पुस्तकात काय, की नवरीकडच्या एका जाड्या बाईच्या हातून मडकं फुटतं, बँड थांबतो, बायका चिडीचूप, अपशकुन! आणि तेवढ्यात तो सायमन, अंगाला नारळाचा रस माखलेला, धावत येतो, रीतभात बाजूला ठेवून स्वतः पाणी शेंदतो, नवरीचं नवं मडकं भरतो... आणि त्याचे डोळे भरून आलेले असतात! समोरची क्षितिजा, आयटीतली मुलगी, ते पान वाचून मला म्हणते, ‘अंकल, असा नवरा आता कुठे मिळतो?’ मी म्हटलं, बाई, तेव्हाही मिळत नव्हता!

मग गेलो एमिलीमावशीकडे, म्हटलं नवरीकडच्या बायकांत ती होती तिथे. तर ती आधीच पेटलेली. ‘आलोश्या, मडका माज्याच हातून फुटला, खोटा नाय बोलनार! पन मी तवा काडीसारकी होते रे! तुज्या बायकोनं मला जाडी का लिवली?’ मी म्हटलं, मावशी, ते राहू दे, पाणी कुणी भरलं? ‘मला काय ठावं? मी पदरात तोंड घालून रडत होते!’

म्हणजे प्रसंग खरा! मडकं खरं! मग पाणी भरणारा कोण? सर्रकन काटा आला अंगावर... ऑस्कर! माझा बेस्टमन. उंच, आणि गायकवृंदात आजसुद्धा गातो. तसाच गेलो त्याच्या घरी. तर गालातल्या गालात हसतो काय, मिशीवरून बोट फिरवतो काय, ‘वाचला रे. बरा लिवलाय. तो सायमन थोडा माज्यावानीच वाटते, नाय?’ ज्या ऑस्करला मी माझ्या लग्नाला स्वतःच्या खर्चानं सूट शिवून दिला... लग्न माझं की नाही, अं?

राहवेना. घरी ग्रेसी बोंबील साफ करत बसली होती, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, ग्रेसी, खरं सांग. मी रागावणार नाही. तो कोण? तिनं वर पाहिलं. म्हणाली, ‘कोण म्हणजे? तुम्ही! त्या दिवशी अंगभर रस माखलेले धावत आलात, मडकं भरून दिलंत, डोळ्यांत पाणी होतं तुमच्या, आमच्या पडवीतून बघत होते मी. त्याच क्षणी मी देवाला म्हटलं, हाच. विसरलात?’

आणि तुम्हाला सांगतो, लख्खकन आठवलं! पोरांनी त्या नारळाच्या रसात काय काय कालवलं होतं देव जाणे, डोळ्यांची नुसती आग आग! मी विहिरीवर धावलो होतो डोळे धुवायला! पोहरा ओढला, तोंडावर मारला, समोर कुणीतरी मडकं धरलं होतं, दिसत तर काहीच नव्हतं, उरलेलं ओतलं त्यात... आणि या बाईनं त्याच्यावर संसार उभा केला, श्रद्धेनं! आता हे तिला सांगू? तुम्ही सांगाल? मी नाही सांगितलं.

गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण नाही! जीव हलका झाला ना, जीभ सैल सुटली. म्हटलं, अगं, मग तो मी आहे हे गावात एकालाही कसं ओळखू आलं नाही? तर बोंबलाचं डोकं कापता कापता शांतपणे म्हणते कशी, ‘अहो, लग्नानंतर तो कुणाला दिसलाच कुठे? मलाही नाही दिसला. म्हणून तर कादंबरी मांडवातच संपवली.’