गोधडीची बेंबी

थोरली : पुस्तक मिट आणि सुईत दोरा घाल.

धाकटी : घालते गं ताई. हे एवढं एक पान बघ.

थोरली : मघाशी पण एकच पान होतं. त्यात ती बाई कागदावर कापड शिवते आणि मग कागद फाडून टाकते. फाडायचाच आहे तर शिवायचा कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

धाकटी : रेघ सरळ यावी म्हणून.

थोरली : आपल्या रेघा काय वाकड्या आहेत?

धाकटी : माझ्या आहेत. आयुष्यभर तूच सांगत आलीस.

थोरली : बरं, माझंच मला परत. हे बघ छकुले, रविवारी सामानाची गाडी येणार. पलंग गेला, कपाट गेलं, खुर्च्या शेजारणीने नेल्या. आता या खोलीत एक मी, एक तू आणि ही गोधडी. कधीची कच्चा टाका घालून नुसती जमिनीवर पसरलीय. रोज येतेस आणि रोज काहीतरी काढतेस. परवा बोटात सुई गेली. काल डोळे चुरचुरत होते. आज काय, तर पुस्तक.

धाकटी : डोळे खरंच चुरचुरत होते.

थोरली : असतील. पण मला मुलाच्या घरी अर्धवट काम घेऊन जायचं नाही, आणि तुझ्या गळ्यातही टाकून जायचं नाही. तू खिडकीकडून सुरू कर, मी दाराकडून करते. नेहमीसारखं मध्यावर भेटू.

धाकटी : तेच म्हणते मी. मध्यावर भेटतो, आणि मध्यावर काय होतं?

थोरली : फुगवटा येतो. तुझे टाके ढिले, म्हणून येतो.

धाकटी : तुझे घट्ट, म्हणून येतो. तुझ्या सुईपुढे कापड जीव मुठीत धरून पळतं.

थोरली : हा वाद आईसमोर सुरू झाला होता. बिचारी ऐकून ऐकून कंटाळली. भांडू नका, त्या फुगवट्याला चूण घाला, वर एक तुकडा लावा आणि गप्प बसा, म्हणाली.

धाकटी : आणि तेव्हापासून आपल्या प्रत्येक गोधडीला बेंबी.

थोरली : ते नाव मुलांनी ठेवलं. माझा तर तिथे बोट ठेवल्याशिवाय झोपायचा नाही. परवा फोनवर सांगत होता, बायकोने दुकानातून गोधडी आणली, याने पहिल्यांदा काय केलं तर मध्यावर हात फिरवून बघितला. बेंबी नाही, म्हणजे ही गोधडी खोटी आहे, म्हणाला. ती म्हणाली, अहो, बेंबी माणसाला असते. चाळिशी आली त्याची, आणि या गोष्टीवरून दोघं संध्याकाळभर वाद घालत बसली.

धाकटी : आता हे पान वाचू? रागावणार नसशील तर.

थोरली : वाच बाई. त्याशिवाय तुझा दोरा सुईत जायचा नाही.

धाकटी : 'गोधडी कडेकडून आत शिवत गेलात, तर कापडाची सगळी ढिलाई पुढे ढकलली जाते आणि मध्यावर साठते. म्हणून नेहमी मध्यापासून कडेकडे जावं.' चित्र पण दिलंय. हे बाण बघ.

थोरली : दाखव इकडे.

धाकटी : चष्मा घे.

थोरली : दिसतायत बाण. म्हणजे टाक्यांचा काही संबंधच नाही?

धाकटी : तुझ्याही नाही आणि माझ्याही नाही.

थोरली : म्हणजे इतकी वर्षं आपण उगाच भांडलो.

धाकटी : अगदी उगाच.

थोरली : आणि ती बेंबी म्हणजे चूक.

धाकटी : पुस्तकाच्या हिशेबाने चूकच.

थोरली : छान. जाता जाता मला हे ऐकवायला तू जाडजूड पुस्तक विकत आणलंस.

धाकटी : लगेच तोंड फुगवू नकोस. यात गमतीचंही आहे. हे बघ, एक पद्धत अशी की रंग जुळवत बसायचंच नाही. डोळे मिटून चिंध्यांच्या पिशवीत हात घालायचा आणि येईल तो तुकडा लावायचा.

थोरली : गडदशेजारी गडद आला तर?

धाकटी : येऊ द्यायचा. तीच तर मजा.

थोरली : मजा म्हणे. आण ती पिशवी.

धाकटी : डोळे मीट.

थोरली : मिटलेत.

धाकटी : एक उघडा आहे.

थोरली : तो आता पूर्ण मिटतच नाही, म्हातारा झालाय. थांब... हे शर्टाचं दिसतंय, कॉलरकडचं. हे उशीच्या अभ्र्याचं, हे नको. हे काय, तुझ्या शाळेच्या गणवेशाचं अजून आहे यात?

धाकटी : चाचपायचं नाही ताई. पहिला हाताला लागेल तो बाहेर.

थोरली : हा घे.

धाकटी : पोपटी पडदा.

थोरली : शी! यातून सुटका नाही आपली.

धाकटी : आईने बाजारातून या कापडाचा अख्खा तागा आणला होता. दुकानातल्या उजेडात निळं दिसलं म्हणाली. घरी आणून उघडलं आणि बाबांनी कपाळाला हात लावला.

थोरली : पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, पुसायची फडकी झाली, तरी ते संपेना. कशाशेजारी लावावं तर शेजारच्या रंगाचा जीव जायचा. म्हणून तर सगळ्या बेंब्या त्याच्याच केल्या. नाहीतरी चूणच झाकायची होती.

धाकटी : मुलांना मात्र तो रंग फार आवडायचा.

थोरली : मुलांना काय कळतं. बरं, चल. पुस्तक म्हणतंय तर म्हणतंय, ही गोधडी मधून शिवू. निदान एक तरी बिनबेंबीची होऊ दे. सरक तिकडे... थांब जरा. बसायचं कसं?

धाकटी : कसं म्हणजे?

थोरली : शिवलेल्या भागावर बसून पुढचं शिवायचं, ही आपली रीत. कडेकडून आलो की समोरासमोर येतो. मधून सुरू केलं तर तोंड कुठे करायचं?

धाकटी : बाहेर. पाठीला पाठ लावून बसायचं आणि पुढे सरकत जायचं. तू दाराकडे, मी खिडकीकडे.

थोरली : आणि शिवून संपेल तेव्हा?

धाकटी : तेव्हा तू दाराशी असशील. आणि मी... मी खिडकीशी.

(थोरली पोपटी तुकडा मांडीवर ठेवून हाताने सपाट करत राहते.)

थोरली : मला नाही शिवायची अशी.

धाकटी : ताई...

थोरली : पद्धत बरोबर असेल. मी कुठे चूक म्हणते? तू शीव. तेवढ्यासाठीच तर आणलंस ना पुस्तक, मी गेल्यावर एकटीने शिवायला. चांगलं केलंस. चित्रंही मोठी मोठी आहेत.

धाकटी : तुला असं वाटलं?

थोरली : दुसरं काय वाटणार? परवापासून बघतेय. माझ्याबरोबर एक टाका घालायला तुला वेळ नाही, आणि आज पुस्तकातून मान वर निघत नाही. मला राग नाही आला. फक्त वाटलं, मी जाईपर्यंत तरी थांबायचं होतंस.

धाकटी : आता माझं ऐकशील? मध्ये न बोलता?

थोरली : बोल.

धाकटी : त्या पुस्तकाच्या दुकानात मी किती वेळ उभी होते. गोधड्यांची एवढी नवी पुस्तकं, मला माहीतच नव्हतं. दुकानातल्या मुलीने विचारलं, एकटीसाठी हवंय की वर्गासाठी? मी म्हटलं, दोघींसाठी हवंय. एक इथे राहणार आणि दुसरी रात्रभराच्या प्रवासावर. ती हसली नाही. स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून हे काढून दिलं. कुठलं पान बघायचं तेही सांगितलं. घरी आले तर तुझे मेहुणे म्हणाले, आता गोधडीचाही अभ्यास? त्यांना म्हटलं, हो, या वयात नापास व्हायची भीती नाही.

थोरली : मग ते पान का नाही दाखवलंस?

धाकटी : दाखवलं की तू जाणार हे नक्की झालं असतं. म्हणून दुसरीच पानं काढत बसले. कागदाचं, पिशवीचं, बाणांचं. आणि ही गोधडी... ही शिवून झाली की तू जाणार. नाही झाली तरी जाणार, एवढं मला कळतं. पण हातच चालत नाही, त्याला मी काय करू? मला नको आहे तू जायला. तुझ्या मुलाने खोलीला रंग देऊन ठेवलाय, सून रोज फोन करते, त्यांना मी काय सांगणार? म्हणून कोणाला काही बोलले नाही.

थोरली : मलाही नाही?

धाकटी : तुला बोलले असते तर तू राहिली असतीस. मग रोज माझ्याशी भांडली असतीस की तुझ्यामुळे राहिले.

थोरली : ते मात्र खरं.

धाकटी : रडतेस काय आता?

थोरली : तो म्हातारा डोळा आहे. काढ ते पान.

धाकटी : हे बघ. ही दोघींची गोधडी. आधी मधला एक चौकोन करायचा, अस्तर लावून, पुरा शिवून. तो एकत्र बसून करायचा. मग एकीने तो नेऊन भोवती एक पट्टी जोडायची, आपल्याला हवी तशी, आणि दुसरीला पाठवायची. तिने तिच्या मनाची पट्टी जोडून परत पाठवायची. मधून बाहेरच जातं सगळं, त्यामुळे फुगत नाही.

थोरली : आणि पाठवताना वाटेत हरवली तर?

धाकटी : तू स्वतः घेऊन ये मग.

थोरली : हूं. तुझी पट्टी ढिली आली तर मी उसवणार.

धाकटी : इथे नियम लिहिलाय. दुसरीचं काम उसवायचं नाही.

थोरली : हा नियम जरा जड जाईल.

धाकटी : माहीत आहे. मी चहा टाकायला आत गेले की तू माझ्या रांगा उसवतेस, हेही माहीत आहे.

थोरली : रांगा नाही. एखादा टाका. आणि ही गोधडी संपणार कधी?

धाकटी : पुस्तकात सहा पट्ट्या झाल्या की संपते. आपण कशाला संपवायची?

थोरली : पलंगाच्या बाहेर जाईल.

धाकटी : जाऊ दे.

थोरली : लेक माझा विचारील, बेंबी कुठे?

धाकटी : अगं, मधला चौकोन म्हणजे काय मग? या वेळी बेंबीपासूनच सुरुवात.

थोरली : म्हणजे हा पोपटी?

धाकटी : डोळे मिटून तूच काढलास.

थोरली : एक उघडा होता. बरं, ही खाली पसरलेली उचल आधी. कच्चा टाकाच आहे, ओढला की निघेल. अस्तराला पिशवीतला हा मऊ पंचा घेऊ. आणि कात्री कुठे ठेवलीस? सगळं खोक्यात भरून टाकलंत तुम्ही लोकांनी.

धाकटी : कात्री तुझ्या मांडीखाली आहे.

थोरली : आता ये इकडे. हा कोपरा तू धर, हा मी धरते. एवढासा तुकडा, दोघींनी कसा शिवायचा?

धाकटी : जवळ बसून. दोरा घातलाय बघ सुईत.

थोरली : घातलास एकदाचा. सरक की जरा, तुझा गुडघा लागतोय मला.

धाकटी : लागू दे.