पेपरच्या दिवशीच निरोप

आदरणीय अध्यक्षमहोदय, मान्यवर प्रमुख पाहुणे, आमच्या मुख्याध्यापिका बाई, सहकारी शिक्षक, शिपाईमामा आणि मागच्या रांगेत चुळबुळणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

गणिताची बाई आहे, पाल्हाळ लावणार नाही. पुढच्या आठवड्यात मी परदेशातल्या शाळेत शिकवायला निघालेय, आणि आज दुपारी माझी पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आहे. हो, आजच! हसू नका, मला रडू येतंय.

आजच कशाला, असं सगळेच विचारतात. अहो, तिकडे या परीक्षेचं केंद्र नाही आणि करार संपेपर्यंत मोठी सुट्टी नाही. आज दिली, तर परत येईपर्यंत निकाल ग्राह्य राहतो, आल्याबरोबर प्रवेश. नाही दिली, तर आल्यावर पुन्हा श्रीगणेशा. इतका साधा हिशोब, पण घरात कुणाला पटेल तर शपथ! वडील म्हणतात, "आधी तिकडे पाय रोव." सासूबाई म्हणतात, "या वयात कसली गं परीक्षा?" नवरा बिचारा दोघांकडेही बघून मान डोलावतो.

मी मुख्याध्यापिका बाईंना आधीच विनवलं होतं, "बाई, निरोप समारंभाला एवढी तारीख सोडा." बाई म्हणाल्या, "अगं, परीक्षा काय, दरवर्षी येते. अध्यक्ष पुन्हा मिळायचे नाहीत!" अध्यक्षमहोदय, राग मानू नका, पण आपण इथे दर महिन्याला येता.

मग आलेच कशाला? तर आपल्या शाळेची रीत! कार्यमुक्तीचं पत्र ऑफिसात मिळत नाही, ते व्यासपीठावर, टाळ्यांच्या गजरात द्यायचं. ते नसेल तर तिकडची शाळा मला दारात उभं करणार नाही. अडला हरी... जाऊ दे, पुढचं म्हणत नाही, मोठी माणसं बसलीत. तरी वाटलं होतं, लवकर आटपेल. पण प्रमुख पाहुणे वेळेच्या महत्त्वावर बोलायला उभे राहिले, आणि मी घड्याळाकडे बघत बसले. खरं सांगते, चीड आली. पुढे शिकायचं म्हटलं की प्रत्येकाला माझाच वेळ फुकटचा वाटतो.

असो. पत्र आत्ताच हातात पडलंय. बाहेर हॉर्न वाजतोय तो माझ्या धाकट्या भावाचा, स्कूटर चालू ठेवून उभा आहे. शिपाईमामांनी फाटक उघडून ठेवलंय, त्यांचे आभार. बाई, तुम्ही मला शिकवायला उभं केलंत, ते विसरणार नाही. तोंडून काही कमीजास्त गेलं असेल तर पदरात घ्या. अध्यक्षीय भाषण मात्र माझ्या माघारीच होऊ द्या.

केंद्राचं दार बंद व्हायच्या आत पोचेन की नाही, देव जाणे. पण इथे बसून परीक्षा हुकली, तर जन्मभर तुम्हाला बोल लावत बसेन. रस्त्यात हुकली, तर निदान रस्त्याला लावेन. येते मी.