न गाळलेली ओळ

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो त्या आमच्या ग्रंथपाल सुकेशनीताई, आणि उस्मानपुऱ्याच्या या वाचनालयावर जीव असलेले वाचकहो,

मी तनुजा, इथली एक वाचक. ‘ऐतिहासिक वाङ्मयाच्या वाचनाचे महत्त्व’ असा भारदस्त विषय मला दिलाय. माझ्याकडं मात्र एका दुपारचा प्रसंग आहे. अध्यक्षमहोदयांना तो जरा अवघड जाईल. तरी सांगू ना?

गेल्या उन्हाळ्यात मोबाइलवर एका पानाचा फोटो फिरला. पुस्तक आपल्याच वाचनालयातलं, डोंगरपट्ट्यातल्या एका गढीच्या वेढ्याविषयीचं. त्यात ओळ होती, ‘मेंढपाळांनी शत्रूला चोरवाट दाखवली.’ त्या मेंढपाळांची घरं आजही तिकडं आहेत, काही जण कामासाठी इकडं बजाजनगरच्या कारखान्यांत आलेत. आपल्या पूर्वजांना कुणी फितूर म्हटलं, तर तुम्ही-आम्ही गप्प बसलो असतो का?

एका दुपारी त्यांच्याच माणसांनी वाचनकक्ष भरला. पुढं होते बिभीषणभाऊ. आज ते सभागृहात आहेत, त्यांना विचारूनच सांगतेय.

“पुस्तक द्या. इथंच जाळतो.”

वर्तमानपत्रांचा स्टँड आडवा झाला. मी कोपऱ्यात होते. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून आपल्या वाचनालय समितीचे हेच अध्यक्षमहोदय होते, आवाज माझ्यापर्यंत येत होता. “देऊन टाका ताई, एका पुस्तकापायी वाचनालय फुटायला नको.” काळजीपोटीच म्हणाले, यात शंका नाही. ताईंनी फोन ठेवला.

“देते,” त्या म्हणाल्या, “पण आधी प्रकरण वाचून दाखवते. मग तुम्ही ठरवा.”

“वाचायचं काय त्यात? समदं वाचलंय मोबाइलवर!”

“तुम्ही पान वाचलं, भाऊ. प्रकरण नाय वाचलं.”

ताई उभ्यानंच वाचू लागल्या. आधी आरडाओरडा होता. मग गढीतलं धान्य संपलं, लोक झाडपाला उकडून खाऊ लागले, आणि ऐकणारे हळूहळू गप्प झाले. मग ती ओळ आली. ताईंनी ती गाळली असती तर कुणाला कळलं असतं? मी मनातून विनवत होते, गाळा, गाळून टाका. त्यांनी आहे तशी वाचली. कुणीतरी खुर्ची उचलली.

“म्हंजे दाखवली व्हय वाट?” बिभीषणभाऊंचा आवाज चिरकला.

“व्हय. एकानं दाखवली. पुढं ऐका.”

पुढं होतं, की त्याची लेकरं शत्रूच्या छावणीत ओलीस होती. आधी शत्रूनं त्याच्या थोरल्या भावाला वाट विचारली होती. भाऊ नाही म्हणाला, तर त्याला याच्या डोळ्यांदेखत कड्यावरून लोटलं.

खुर्ची खाली ठेवल्याचा आवाज आला. बिभीषणभाऊंनी विचारलं, “त्या भावाचं नाव काय हुतं?”

“लिहिलेलं नाही. लेखकाला सापडलं नाही.”

बिभीषणभाऊ बाकावर बसले. “पुन्हा वाचा,” म्हणाले, “पहिल्यापासून.”

इतिहास का वाचावा, याचं याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

पुस्तक जळलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी समितीनं ते कुलूपबंद कपाटात टाकलं, ‘वातावरण निवळेपर्यंत’. ते अजून तिथंच आहे. ताई प्रत्येक बैठकीत विचारत राहिल्या. बिभीषणभाऊ स्वतः ते मागायला आले, तर त्यांना ‘नंतर या’ असं सांगण्यात आलं. वातावरण आणखी किती निवळायचंय?

अध्यक्षमहोदय, शाल-श्रीफळ आपण दिलंत. आता ताई पदावर आहेत तोवर, आजच, ते पुस्तक पुन्हा फळीवर ठेवा. वेळ संपल्याची खूण करताय? आटोपतेच. पण उत्तर?

...होकारार्थी मान हलवलीत. मागच्या रांगेलाही दिसली ना? बिभीषणभाऊ तर उभेच राहिले. बसा भाऊ, पहिला नंबर तुमचाच.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. माझ्या बोलण्यानं कुणी दुखावलं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करावी. आणि ताई, उद्या तुमच्या खुर्चीवर जे कुणी बसेल, त्यांना ती दुपार आम्ही सांगू. पहिल्याच दिवशी.