हिरवा ठिपका

तुमचं घरच्या कॅमेऱ्यांचं बोलणं चाललंय म्हणून आठवलं. माझे वडील, आप्पा, वरवंडला एकटेच राहायचे. भाऊ सुनील रांजणगावला कंपनीत नेटवर्कचं काम बघतो. त्यानं आप्पांकडे वायफायचा डबा बसवला आणि त्याला पिंग लावून दिलं. दर पाच मिनिटांनी त्याचा कॉम्प्युटर त्या डब्याला हाक मारणार. डब्यानं ओ दिली, तर आम्हा दोघांच्या मोबाइलवर हिरवा ठिपका, नाही दिली तर लाल.

पहिल्याच दिवशी रात्री नऊला ठिपका लाल. मी घाबरून फोन केला.

"झोपताना बटन बंद केलं. रातभर कशाला चालू ठेवायचा?"

"आप्पा, बंद नका करू. आमच्या जिवाला घोर लागतो."

"अगं, मी हाय की जित्ता! डब्याला काय इचारता? मला इचारा की."

तरी रोज नऊला लाल व्हायचाच. आमचं सांगणंही रोजचंच.

मग एका सकाळी बघितलं, तर ठिपका रात्रभर हिरवा. मी लगेच सुनीलला फोन केला. "ऐकलं बाबा एकदाचं आप्पांनी!"

तो हसला. "सुटलो, ताई."

त्या दिवशी आप्पांना फोन कुणीच केला नाही. दुपारी शेजारच्या काकूंचा आला. आप्पा आदल्या संध्याकाळीच मोरीपाशी पडले होते. बटन बंद करायला उठलेच नव्हते.

मी शिरूरहून वरवंडला पोचले. मी आप्पांना हाका मारत होते, आणि ओ डबाच देत होता.